पडद्याची दोरी

पेठेतलं ते जुनं थिएटर दुरुस्तीनंतर नवरीसारखं नटून बसलं होतं आणि नवरदेवाचा पत्ता नव्हता. मालकांचा नातू पृथ्वीराज फोन कानाला लावून नाटकं शोधत फिरत होता. पुण्याचं एक विनोदी नाटक यायला तयार होतं, पण त्यांचा सेट दारातून आत येईना. नातेपुत्याच्या मंडळींचं ऐतिहासिक नाटक होतं. तलवारी झकास, नट मात्र ऐन लढाईत संवाद विसरायचे. उरलं वैरागच्या मंडळींचं नाटक. बार्शी भागात ते जोरात चाललं होतं आणि सेट म्हणजे एक बाज नि एक खिडकी. सगळं जुळत होतं, घोडं अडलं होतं ते हणमंतपाशी.

हणमंत इथला पडदा ओढणारा. साठी उलटली तरी दोरी दुसऱ्याच्या हातात देत नसे. त्याची बायको चांगुणा नाटकात कामं करायची. याच नाटकात, याच रंगमंचावर, शेवटच्या अंकात ती कोसळली ती उठलीच नाही. थोरल्या मालकांनी तेव्हा शब्द दिला होता, हणमंत हो म्हणेपर्यंत हे नाटक इथं लागणार नाही. हणमंत त्याचं नावही घेत नसे. ‘ते नाटक’ एवढंच म्हणायचा.

नवरा-बायकोची एक खूण होती. नाटकाच्या शेवटी नायिका मरते. आता मेलेल्या बाईनं कसं सांगायचं, की पडदा ओढा म्हणून? तर चांगुणा पडल्या पडल्या प्रेक्षकांना न दिसणाऱ्या हातानं फळीवर दोनदा टकटक करायची, की हणमंत दोरी ओढायचा. त्या संध्याकाळी ती पडली, टाळ्यांचा कडकडाट झाला आणि हणमंत दोरी धरून टकटकीची वाट बघत राहिला. टकटक आलीच नाही. डॉक्टर आले तेव्हा सगळं संपलं होतं. म्हणजे ती पडताक्षणीच गेली, तिला काही कळलंसुद्धा नसेल, असं हणमंतनं मनाशी धरलं. त्या समजुतीच्या आधारावरच तो जेवत-झोपत होता.

तरी रिकामं थिएटर झाडताना त्याला मधूनच टकटक ऐकू यायची. नवं लाकूड आहे, वाजणारच, असं तो स्वतःला सांगायचा. मग झाडू हातात घेऊन बराच वेळ तसाच उभा राहायचा.

एका दुपारी वैरागच्या नाटकातली नायिका, संस्कृती, त्याच्या घरी आली.

“काका, चांगुणाबाईंचं काम मी ल्हानपनी बघितलंय. त्यांच्या थेटरात एकदा तरी करू द्या की.”

हणमंतनं तिच्याकडं बघायचं टाळलं. “लई जीव तोडून करतीस म्हनं?”

“व्हय काका.”

“तोडू नगं.” त्यानं चहाचा कप तिच्यापुढं सरकवला. तिचा चहा संपल्यावर म्हणाला, “करा. पर मेल्यावर दोनदा फळी वाजवायची. त्याबिगर मी दोरी वढनार न्हाय.”

रविवारी संध्याकाळी थिएटर गच्च भरलं. शेवटच्या अंकात संस्कृती कोसळली, थेट चांगुणासारखी, उजव्या कुशीवर. टाळ्या सुरू झाल्या. हणमंतनं विंगेतून सगळा जीव कानात आणून ऐकलं. टकटक नाही. टाळ्या वाढल्या, तरी नाही. या खेपेला त्यानं वाट बघितली नाही. दोरी सोडून, मळक्या बनियनवर, तो भर रंगमंचावर धावला आणि तिच्यापाशी गुडघ्यांवर पडला.

“पोरी, ऊठ!”

लोकांना वाटलं, हा नाटकातला तिचा बाप असणार. त्यांनी टाळ्यांनी थिएटर डोक्यावर घेतलं.

तो वाकला तशी संस्कृतीनं डोळे न उघडता त्याच्या कानाशी ओठ हलवले. “काका, कवाच वाजवलं की. दोनदा, आन परत दोनदा. ऐकू न्हाय आलं? टाळ्याच लई हायत.”

हणमंतनं तिच्या हाताकडं बघितलं. अंगाच्या आड, फळीवर बोटं अजूनही वाजत होती. तो हाताच्या अंतरावर होता आणि टाळ्यांत त्याला ती टकटक ऐकू येत नव्हती.

विंगेत दोरी मोकळी लोंबत होती. टाळ्या थांबेनात.

“चांगुणे,” तो त्या बोटांना म्हणाला, “तू वाजवलं व्हतंस का गं?”