ओल्या पावलांचे दोन सिनेमे

मी कॉलेजात होते तेव्हाची गोष्ट. अकोल्यात आमच्या घराजवळ सीडीचं दुकान होतं आणि ते चालवणाऱ्या चाचांचा माझ्यावर विशेष जीव होता, कारण भुताचे सिनेमे भाड्यानं नेणारी पोरगी त्यांच्या गिऱ्हाइकांत मी एकटीच. एक दिवस त्यांनी दोन सीड्या माझ्यासमोर ठेवल्या.

"ये असली," ते म्हणाले. "जपानची हाय का कोरियाची, खुदा जाने. अन् ये अमेरिकावाल्यांनी तिच्यावरून बनवली. इस्टोरी एकच. दोन्ही पाह्य अन् मले सांग, त्यायले दुसऱ्यांदा काहून बनवा लागली?"

प्रश्न माझ्या डोक्यात बसला. त्या काळात पूर्वेकडचं एखादं भूत गाजलं की हॉलीवूडवाले ते लगेच उचलायचे, एका गोऱ्या बाईला मोठ्या घरात राहायला पाठवायचे आणि भूत तिच्या मागं सोडायचे. भुताचे केस तेवढे काळेच ठेवायचे. धंदा हे एक कारण झालं, पण तेवढ्यावर माझं समाधान होईना. खाली अक्षरं छापून तोच सिनेमा दाखवता आला असता की! मूळच्या भुतात त्या लोकांना नेमकं काय कमी पडत होतं, ते मला हुडकायचं होतं. अभ्यासात एवढं डोकं घातलं असतं तर आईनं गल्लीभर पेढे वाटले असते.

त्याच सुमारास वलगावची काकू आमच्याकडं राहायला आली होती. काका विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायचे. अडकलेली मोटार काढायला एका विहिरीत उतरले आणि बुडाले. तसे ते पट्टीचे पोहणारे. ती वर्षंच अशी होती, की वऱ्हाडात माणूस कशानंही गेला तरी त्यानं जीव दिला का, हेच लोक आधी विचारायचे. पेपरात रोज तेच असायचं, त्यामुळं विचारणाऱ्यांना फार दोषही देता येत नाही. तरी मला त्यांचा राग यायचा, अजून येतो. आमच्याच घरात, आमचाच चहा पिता पिता विचारायचे, "पोहता येत होतं ना त्याले? मंग बुडला काहून?" काकू म्हणायची, "पाय घसरला," आणि कपबशा उचलून आत जायची.

नवरा बुडालेल्या बाईला भुताचा सिनेमा दाखवू नये, एवढी अक्कल मला होती. पण दुपारी भारनियमनातून लाइन आली होती तेवढ्यात मी खिडकीवर चादर टांगून टीव्ही लावला आणि काकू आपणहून येऊन बसली. लसूण सोलता सोलता म्हणाली, "लाव, मी बी पाह्यतो."

पहिल्या सिनेमात एका बाईचा नवरा गेलेला असतो. रोज संध्याकाळी दारापासून स्वयंपाकघरापर्यंत ओली पावलं उमटतात. बाई ती फडक्यानं पुसते. दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात, ती पुन्हा पुसते. तो कसा गेला, कशासाठी येतो, याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. शेवटी बाई फडकं बाजूला ठेवते, पावलांजवळ भाताचा वाडगा ठेवते, आणि सिनेमा संपतो. खालची इंग्रजी अक्षरं वाचून मी काकूला सांगत होते. तिचा लसूण केव्हाच सोलून झाला होता, तरी ती उठली नव्हती.

दुसरा हिंदीत बोलत होता, त्यामुळं मला दुभाष्याचं काम उरलं नाही. पावलं तशीच, पण ही बाई नुसती पुसत बसणारी नव्हे. वाचनालयात जाते, जुनी वर्तमानपत्रं काढते, शेजाऱ्यापाजाऱ्यांना धरून विचारते. नवऱ्याला कोणीतरी तळ्यात ढकललेलं असतं, ते तिला त्या कागदांत सापडतं. गुन्हेगार पकडला जातो, पावलं वाळतात आणि बाई मोटारीत बसून दुसऱ्या गावाला निघून जाते.

मला तर घबाडच सापडल्यासारखं झालं. पूर्वेकडचं भूत कारण सांगत नाही आणि अमेरिकेला कारणावाचून चैन पडत नाही, म्हणून दुसरा सिनेमा! चाचांना द्यायचं उत्तर मी मनातल्या मनात जुळवायला लागले. काकू माझ्याच बाजूची निघणार, याबद्दल मला शंका नव्हती.

"काकू, पह्यला चांगला होता ना वो?"

"नाई. दुसरा."

"त्यात काय हाय? सर्व सांगूनच टाकते तो."

"म्हनूनच," काकू म्हणाली, आणि तिनं पिठाचा विषय काढला.

आमच्याकडं माणूस गेला की जिथं त्याला ठेवलं होतं तिथं पीठ पसरतात, जवळ दिवा लावतात आणि पिठावर टोपलं झाकतात. सकाळी टोपलं उचलून कशाचं पाऊल उमटलं ते पाहायचं. ज्याचं पाऊल, त्या जन्माला माणूस गेला. काकांच्या पिठावर चिमणीची पावलं निघाली होती, ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. जीव देणाऱ्याचं असं सुखासुखी पाखरू होत नाही, असं म्हाताऱ्या बायकांनी तिथंच ठरवून टाकलं आणि वलगावातली कुजबूज थांबली. नंतर कोणी विचारलं तर बाहेरगावचे पाहुणेच.

"सर्व्यायच्या आंधी उठून मी टोपलं उचललं होतं," काकू म्हणाली. "पीठ कोरं. त्याच्यावर काईच नाई. मंग मीच बोटानं काढले चिमनीचे पाय."

त्या चिमणीवर मी इतके दिवस विश्वास ठेवला होता. दारात चिमणी आली की मी तांदूळ टाकत होते.

"गावाले समजलं, तुह्या बापाले समजलं, तुले समजलं," ती म्हणाली. "मलेच नाई समजलं, बाई. पाय घसरला का त्यानं हात सोडून देल्ले, मले नाई ठाऊक."

मी तिचा हात धरायला गेले, तर तिनं माझा हात रिमोटकडं सरकवला.

"थो भाग लाव पुन्हा. थे बाई पेपर वाचते थो. लाइन जाईन आता, लवकर लाव."

मी सीडी मागं पळवली. वाचनालय आलं. काकू सरकत सरकत टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसली.

"आवाज बंद कर," ती म्हणाली.

"मंग काई आयकू येनार नाई वो."

"आयकाचं नाई मले. समजल्यावर मानसाचं तोंड कसं होते, थे पाहून राहिली मी."