माक्याच्या तेलाचा वास
माक्याच्या तेलाचा वास आला की मला खारी गावातल्या छोट्या बुद्धविहारातली रविवारची ती सकाळ आठवते. भंतेजी सांगत होते, बुद्धांच्या काळी नव्या भिक्खूला आधी शरीराचं ध्यान शिकवायचे. केस, नखं, दात, त्वचा, एकेक मनात आणून पाहायचं. "ताटात केस निघाला तर शिसारी येते ना? मग डोक्यावरच्या केसाकडेही तसंच बघा." मला वाटलं, हे तर फारच सोपंय. मीरा रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये बाथरूमच्या जाळीवरून माक्याचं तेल लावणाऱ्या सासूबाईंच्या केसांचा तेलकट गुंता उचलताना माझी रोज चिडचिड व्हायची. डोळे मिटून मी तोच गुंता समोर आणला, आणि काय झालं कोण जाणे, मला त्यांचा भांग दिसायला लागला, हात थरथरतो म्हणून कधीच सरळ न पडणारा. शिसारी काही येईना. नंतर मी गोंधळून विचारलं, "भंतेजी, किळस आलीच नाही. माझं ध्यान चुकलं का?" "जे आलं ते दिसलं ना? उद्या परत बघा," एवढंच ते म्हणाले. घरी आले तर सासूबाई वाकून स्वतःच जाळी साफ करत होत्या. "काढले गं मी, तू नको चिडूस," त्या म्हणाल्या. आता त्या नाहीत, जाळीही स्वच्छ असते. त्यांची तेलाची बाटली संपली तेव्हा मी नवी आणून ठेवली. कुणासाठी, ते मला अजून कळलेलं नाही.