खुशालरावांनी वाहिलेली श्रद्धांजली

आमच्या अमरावतीच्या वसाहतीतल्या सभागृहात कार्यक्रम कुठलाही असो, प्रतिमापूजन खुशालरावांकडे. परतवाड्याची संत्र्याची बाग मुलाच्या हवाली करून ते इथे राहायला आले, तेव्हापासून. समई, वाती, हार, सगळे ते घरून आणतात. कार्यक्रम कशाचा आहे, हे मात्र कधी विचारत नाहीत.

गेल्या महिन्यात शेजारच्या वर्षालीने एका संध्याकाळी चिनी चित्रकलेचा कार्यक्रम ठेवला. ती चीनमध्ये राहून शाईची चित्रे शिकून आली आहे. एका भिंतीवर जुन्या पद्धतीचे बांबू आणि धुक्यातले डोंगर, दुसऱ्या भिंतीवर आजच्या चित्रकारांची कामे. त्यांतल्या एका कागदावर तर चित्रकाराच्या लाल शिक्क्याशिवाय काहीच नव्हते. मंचावर तिने काढलेले तिच्या वृद्ध गुरुजींचे चित्र होते. गुरुजी स्वतः व्हिडिओ कॉलवर येणार होते, आणि त्यांच्या नावाने इथे वर्ग काढायची परवानगी तिला द्यायची की नाही, ते शेवटी सांगणार होते. सारा खटाटोप त्यासाठीच होता.

ती मागे पडद्याची जोडणी करत होती, तेवढ्यात खुशालरावांनी चित्राला झेंडूचा हार घातला, समई लावली आणि माईकवरून सर्वांना श्रद्धांजलीसाठी उभे राहायला सांगितले. आम्ही उभे राहिलो. इतक्यात पडद्यावर गुरुजी दिसू लागले. सगळे उभे पाहून तेही उठले आणि मान खाली घालून उभे राहिले.

वर्षाली धावत मंचावर आली. "काका, ते जित्ते आहेत."

"कोन?"

"ज्याईले तुमी हार घातला ते. ते पाहा, पडद्यावर."

खुशालरावांनी चष्मा पुसून पाहिले. "मले वाटलं त्याईचा भाऊ असंन. पहिले सांगाचं होतं ना मंग. आता दोन मिनिटं त होऊन जाऊ दे."

दोन मिनिटे झाली. गुरुजींनी चिनीत विचारले, कोण गेले? वर्षालीचा चेहरा उतरला. आता परवानगी कसली मिळते, असे आम्हालाही वाटले. तिने खरे ते सांगून टाकले. गुरुजींनी हार घातलेल्या चित्राकडे पाहिले. मग म्हणाले, लोक माझ्याविषयी काय बोलणार आहेत, ते ऐकायचे आहे.

खुशालराव तयारच होते. "गुरुजी अत्यंत मनमिळाऊ होते. सर्वांच्या सुखदुःखात धावून जात. त्यांच्या जाण्याने अमरावतीत न भरून निघणारी पोकळी निर्माण झाली आहे."

वर्षाली खालच्या आवाजात भाषांतर करत गेली. मनमिळाऊपाशी गुरुजींनी तिला थांबवले. हे खरे नाही, म्हणाले, पण राहू द्या. शेवटी त्यांनी निर्णय सांगितला: मी गेलोच आहे, तर वर्ग कोणीतरी चालवायला हवा.

"काय म्हनून राहिले?" खुशालरावांनी विचारले.

"परवानगी देली, काका."

"भला मानूस होता," खुशालराव म्हणाले आणि समईतली वात पुढे सारायला वाकले.