न्यूटन-परस

नव्या अभ्यासक्रमाच्या प्रशिक्षणाला मला तीन दिवस कल्याणला बसवलं होतं. तिथे कळलं की मी आता शिक्षक राहिलो नसून 'सुलभक' झालो आहे. मुलं अनुभवातून शिकणार, प्रश्न त्यांच्या परिसरातून येणार, घोकंपट्टी बंद. मी फक्त बाजूला उभं राहून सुलभ करायचं. जेवण चांगलं होतं, तिसऱ्या दिवशी तर जिलबी होती, त्यामुळे कुणी वाद घातला नाही.

परत आलो तो शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या आमच्या ज्युनियर कॉलेजात, अकरावी सायन्सला फिजिक्स शिकवायला. पुढच्या बाकांवर वाशिंदच्या नव्या इमारतींतली मुलं. त्यांचा क्लास आमच्या कॉलेजच्या आधी सुरू झालेला, त्यामुळे माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत त्यांचं उत्तर तयार. मधे शहापूर-मुरबाडच्या गावांतली, मराठी शाळेतून आलेली. मागे आश्रमशाळेतून आलेली, जी वर्षभर माझ्याकडे पाहुण्याकडे बघावं तशी बघत होती. पुढच्यांना 'वर्क' कळायचं, 'कार्य' नाही. मागच्यांना कार्य म्हणजे लग्नकार्य. "सर, कार्यात बल कोन लावतं?" असं एकाने विचारलं, तेव्हा "मुलीचा बाप" हे उत्तर मधल्या बाकावरून आलं. वर्ग हसला आणि माझा तास तिथेच संपला.

मागच्या बाकावर, दाराशी एक मुलगी बसायची. मुरबाडच्या डोंगराकडच्या एका पाड्यावरून आलेली, त्या पाड्यावरून सायन्सला आलेली पहिलीच. तिला नर्सिंग करायचं होतं. हे मला तिने नाही, तिच्या वसतिगृहाच्या बाईंनी सांगितलं होतं, कारण ती माझ्याशी बोलतच नसे. पहिल्या चाचणीत तिला पंचवीसपैकी तीन मिळाले. दुसऱ्या चाचणीचे पेपर वाटले त्या दिवशी ती स्टाफरूमच्या दारात उभी राहिली आणि एक कागद पुढे केला. शाखा बदलून आर्ट्सला जाण्याचा अर्ज. कारण: 'फिजिक्स समजत नाही.' खाली विषयशिक्षकाच्या सहीची जागा.

मी मोठा थोर माणूस असतो तर तिला बसवून चार गोष्टी सांगितल्या असत्या. पण मी तासिका तत्त्वावरचा, दर जूनमध्ये नव्याने नेमला जाणारा किंवा न नेमला जाणारा. आमच्या प्राचार्यांचं म्हणणं होतं, जाणारं पोर वेळेत गेलं की त्याचंही भलं आणि निकालाचंही. मी सही केली. पेनाचं टोपणही नीट लावलं. तिने अर्ज घेतला, पेपर मात्र माझ्या टेबलावर ठेवून गेली. शनिवारी एक वाजेपर्यंत तो अर्ज ऑफिसच्या खिडकीत द्यायचा होता, त्यानंतर शाखा बदलता येणार नव्हती.

शनिवारी साडेबाराच्या सुमारास आमचा शिपाई चहा घेऊन आला. म्हसा गावचा माणूस, जत्रेत बैल बघता बघता म्हातारा झालेला. कप ठेवायला जागा करताना त्याने तो पेपर उचलला आणि हसला.

"सर, ह्ये काय लिवलंय तुमी?"

त्या चाचणीत मी प्रशिक्षणाला जागून परिसरातला प्रश्न काढला होता. 'तुमच्या गावातली बाई विहिरीवरून पंधरा किलोचा भरलेला हंडा डोक्यावर घेऊन घरी येते. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध किती कार्य झाले?' उत्तर कुठल्याही भाषेत चालेल, असंही उदारपणे सांगितलं होतं. अपेक्षित उत्तर शून्य. बाई आडवी चालते, हंडा वर जात नाही, कार्य शून्य. पुढच्या बाकांनी एका ओळीत शून्य लिहून पैकीच्या पैकी गुण घेतले होते. तिने पाऊण पान लिहिलं होतं. त्यात 'चार परस', 'सहा परस' असं काहीबाही होतं. मी डोंबिवलीचा, नळाचा माणूस. परस म्हणजे घरामागची मोकळी जागा, एवढंच मला ठाऊक. लाल शाईने लिहिलं होतं, 'परसाचा इथे संबंध काय?' आणि शून्य.

"परसाचाच तर संबंध हाय," शिपाई म्हणाला. "मानूस हात वर करून हुभा राह्यला ना, तेवढं एक परस. हिरीची खोली आमी तशीच मोजतो. तुमाला नाय म्हाईत?"

मला नव्हतं माहीत. मी त्यालाच भिंतीशी हात वर करून उभा केला आणि मोजपट्टी लावली. दोन मीटर भरला. मग तिचं उत्तर मी पहिल्यांदा नीट वाचलं.

'पाणी चार परस खाली. ते वर ओढायचं. मग विहिरीपासून पाड्यापर्यंत चढ सहा परस. एकूण उंची दहा परस. बल १५ × १० = १५० न्यूटन. कार्य १५० × १० = १५०० न्यूटन-परस. मधे थोडी वाट सपाट आहे. तिथे कार्य शून्य, पण मान दुखते.'

मी ते तीनदा वाचलं. पुस्तकातलं सगळं त्यात होतं, आणि वर मानसुद्धा. वाट सपाट आहे असं माझ्या प्रश्नात कुठेच म्हटलेलं नव्हतं. ते मी आणि वाशिंदच्या मुलांनी आपापसांत न बोलता ठरवून टाकलं होतं. मला इतकी लाज वाटली की चहा तसाच राहिला. माझ्या त्या शून्यावर आणि सहीवर एक मुलगी नर्सिंग सोडायला निघाली होती. घड्याळात पाऊण वाजला होता.

ऑफिससमोर रांग होती. ती खिडकीपासून दुसरी. मी धापा टाकत तिच्यासमोर पेपर धरला आणि सांगितलं की तिचं उत्तर बरोबर आहे, फक्त परसाचे मीटर करायचे राहिले, तीन हजार ज्यूल, अर्ज देऊ नकोस. रांगेतली सगळी मुलं वळून बघत होती.

तिने लाल शाईकडे बघितलं. मग माझ्याकडे. वर्षातलं पहिलं वाक्य ती माझ्याशी बोलली.

"म्हंजे समजत नव्हतं ते तुमाला?"

"हो," मी म्हणालो.

"मंग आर्ट्सला तुमी जा, सर."

रांग हसली, खिडकीतले क्लार्कही हसले. तिने पेपर घेतला आणि रांगेतून बाहेर आली. मी अर्ज फाडायला मागितला, तर तो तिने दिला नाही. चार घड्या घालून कंपासपेटीत ठेवला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "पुढचा पेपर कसा तपासता बघते, मंग फाडते."

खिडकी एकला बंद झाली आणि त्या अर्जाचा उपयोग संपला. तरी तपासायला तिचा पेपर हातात आला की मी आधी शिपायाला हाक मारतो.