चुका काढणारा वाचक

देवरावांचा भरवसा तसा कोणावरच नव्हता. छत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून काढलेली. खांबावर चढून तारांच्या जोडण्यांच्या डबीला टेस्ट फोन लावला की कोणाच्याही घरचं बोलणं ऐकू येतं, हे ज्यानं रोज पाहिलं, त्यानं भरवसा ठेवायचा तरी कसा? निवृत्तीनंतर मुलीनं, दीक्षानं, त्यांना एक ब्लॉग काढून दिला. 'खांबावरून' असं त्याचं नावही तिनंच ठेवलं आणि ती पुण्याला नोकरीवर परत गेली. नागपुरात इंदोऱ्यातल्या दोन खोल्यांत देवरावांच्या संशयाला मात्र नवं कुरण मिळालं.

तुम्ही रोबो नाही ना, असं संगणक विचारी आणि सिग्नलचे फोटो ओळखायला लावी. आपल्याच घरात आपल्यालेच ओळख मागून राहिला, असं ते बायकोला, प्रेमिलाबाईंना, म्हणत. कुकी स्वीकारा म्हटलं की नाकारत, मग पान उघडत नसे, मग स्वीकारत आणि दिवसभर कोणी खिसा कापल्यासारखे बसून राहत. एकदा गुडघा दुखतो असं घरात नुसतं बोलले, तर दुसऱ्या दिवशी पडद्यावर गुडघ्याच्या तेलाची जाहिरात. तेव्हापासून त्यांचा मोबाइल पोळ्यांच्या जुन्या स्टीलच्या डब्यात, झाकण लावून. तो वाजलेला ऐकू येत नसे, म्हणून दीक्षाचे फोन शेजाऱ्यांकडे येत. पासवर्ड दर पौर्णिमेला विहारातून आल्यावर बदलायचा, हा नेम. तो मग महिनाभर आठवायचा, हाही नेमच.

इतकी राखण करावी असं त्या ब्लॉगात होतं काय? जुने खांब, जुन्या डब्या, लाइन बंद पडल्याच्या आणि चालू केल्याच्या गोष्टी. आकड्यांत सिंगापूरचे चाळीस वाचक दिसत. कामठी रोडच्या खांबांचं सिंगापूरला काय पडलंय, हे देवरावांना उमगत नसे. खरा वाचक एकच. 'जुना ग्राहक' या नावानं तो लेखाखाली लिही, आणि लिही तेव्हा चूकच काढी. त्या डबीत तारांच्या दहा जोड्या होत्या, वीस नव्हेत. तो खांब लोखंडी होता, लाकडी नव्हे. त्या साहेबांची बदली आधी झाली, संप नंतर. चूक खरीच असे, हे तर जास्त झोंबायचं.

कोण हा? आधी वाटलं, पेन्शनवर डोळा ठेवणारा खात्याचा माणूस असावा. मग जावयावर संशय गेला. दीक्षा म्हणाली की अशा टिप्पण्या हल्ली यंत्रंही टाकतात, बाबा. यंत्राला साहेबांच्या बदलीचं साल कोण सांगणार? शेवटी मनात जो पहिल्यापासून होता, त्याचंच नाव ओठावर आलं. मधुकरराव.

लाइनमनचं काम जोडीचं. एक खांबावर, एक खाली शिडीपाशी. वरच्याचा जीव खालच्याच्या हातात. देवराव आणि मधुकररावांनी अशी एकवीस वर्षं काढली. मग कोणीतरी साहेबांकडे निनावी चिठ्ठी टाकली की देवराव वस्तीतल्या लोकांना डबीवरून फुकट बोलू देतात. ते देतच होते. कोणाच्या घरी बाळंतपण, कोणाचा पोरगा मुंबईला. नाही म्हणायला जीभ वळत नसे. बदली झाली रामटेकला, चार वर्षं. दीक्षाची दहावी बापाविना गेली. निघायच्या दिवशी मधुकररावांनी नजर दिली नाही. देवरावांनीही काही विचारलं नाही, नुसतं बोलणं टाकलं. त्याला आता बावीस वर्षं झाली.

आता त्यांनी जाळं टाकलं. फार वर्षांपूर्वी मार्चात मौद्याला गारपीट झाली होती आणि दवाखान्याची लाइन गेली होती. आत एक बाई अडलेली, नागपूरहून डॉक्टर बोलवायचा होता. गारांच्या माऱ्यात मधुकरराव खांबावर चढले, डोकं फुटलं तरी तार जोडूनच उतरले. देवराव खाली शिडी धरून होते. तिसरा जीपचा ड्रायव्हर, तो केव्हाच वारला. देवरावांनी लेखात स्वतःलाच खांबावर चढवलं आणि मधुकररावांचं नावसुद्धा घेतलं नाही. एवढी मोठी चूक काढायला जो धावेल, तो तोच. सापडला की त्याच दिवशी लेख दुरुस्त करायचा, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं.

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी टिप्पणी आली: 'वाचलं. छान लिहिलंय. गारा लिंबाएवढ्या होत्या, तेवढं राहिलं.'

गारा केवढ्या होत्या, हे लेखात कुठंच नव्हतं. माणूस सापडला होता. देवराव हसले, पण पुन्हा वाचताना हसू गेलं. खांबाचं लाकूड ज्यानं माफ केलं नाही, त्यानं हे कसं सोडलं? मनात पाल चुकचुकली. आधी त्यांना लाज वाटली, मग हा गप्प का, याचीच जास्त भीती वाटली.

लेख दुरुस्त करायला बसले, तर पासवर्ड चुकला. ओटीपी आला तो डब्यात, आणि झाकण उघडेपर्यंत त्याची वेळ संपली. असं चार वेळा झालं. संगणकानं त्यांना चोवीस तास बाहेर उभं केलं. तेवढ्यात पेन्शनरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी सगळा लेख उचलून टाकला, वर देवरावांचा फुलांच्या चौकटीतला फोटो. तिथून तो कुठं कुठं गेला, ते मोजायची सोय नव्हती. तार तुटली तर जोडता येते. सुटलेला फॉरवर्ड कोणत्या खांबावर चढून धरायचा? रविवारी विहारातल्या बायांनी प्रेमिलाबाईंना गराडा घातला. घरी येऊन त्यांनी नवऱ्याच्या ताटात जास्तीची भाकर वाढली.

"इतकं केलं तुमी," त्या म्हणाल्या, "अन् मले कधी सांगतलं बी नाही."

देवरावांनी ती भाकर परत टोपलीत ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळच्याच बसनं ते कळमेश्वरला गेले. मधुकरराव तिथं मुलाकडे राहतात, हे त्यांना ठाऊक होतं. बोलणं टाकलं तरी खबर ठेवायचं टाकलं नव्हतं. मधुकरराव अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. केस पांढरे, कपाळावर तो वण अजून होता. त्यांनी पाहिलं, पण उठले नाहीत. नुसती दुसरी खुर्ची पायानं पुढं सरकवली.

देवराव बसले नाहीत. "तो लेख खोटा आहे. तुले पकडाले लिहिला मी."

"मालूम आहे मले. राहू दे गा. लोकाइले आवडला."

"काहून राहू देऊ? खांब लोखंडी का लाकडी, तेही सोडलं नाही तू."

मधुकररावांनी तीन-चार शेंगा सोलल्या. मग खालीच पाहत म्हणाले, "ते चिठ्ठी मीच टाकली होती. तुले वरच्या पोस्टवर घेऊन राहिले होते अन् मले नाही. सहन नाही झालं."

बावीस वर्षांचा संशय खरा निघाला होता. हे खरं निघेल तेव्हा काय काय सुनवायचं, ते देवरावांनी रामटेकच्या खोलीत कितीदा घोकलं होतं. आता त्यातलं एकही वाक्य आठवेना. आनंदही होईना. ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी खिशातून मोबाइल काढला. चोवीस तास उलटले होते, ओटीपी या वेळी थेट हातातच आला आणि ब्लॉग उघडला. शेंगांच्या टोपल्यापाशी बसून त्यांनी एकेक अक्षर दाबत लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या दिवशी खांबावर मधुकरराव चढले होते. मी खाली शिडी धरून होतो. आधी लिहिलं ते मुद्दाम खोटं लिहिलं होतं.

मधुकररावांचे हात थांबले. "असं नको करू, देवराव," ते म्हणाले. "मग त्या चिठ्ठीच्या बदल्यात तुले द्याले माह्याजवळ काय राहिलं?"

देवरावांनी बटण दाबलं. ते खऱ्यासाठी दाबलं, की या माणसाला इतक्या सहज सुटू द्यायचं नव्हतं म्हणून, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.