गैरहजर तोच सेक्रेटरी

अकरा खुर्च्या मांडून ऑसी थ्रेलफॉलनं कंबर सरळ केली. फुटबॉल क्लबच्या वार्षिक सभेला दरवर्षी एवढीच टाळकी जमायची. तेवढ्यात दार उघडलं आणि चौघं एकदम आत घुसले. मागोमाग आणखी तिघं. ऑसी खेळाडूंच्या खोलीतला बाक ओढत घेऊन आला. तो टेकवतोय न टेकवतोय तोच नॉर्मन स्लेटर आला. काखेत कुबड्या आणि डावा पाय मांडीपर्यंत प्लॅस्टरमध्ये.

"तुला डॉक्टरनं पलंगावरून हलू नको म्हणून सांगितलंय ना रे?"

"डॉक्टर येणारे का माझ्या जागी बसायला?" नॉर्मन घामाघूम झाला होता. "खुर्ची दे आधी. आणि माझं नाव हजेरीत लिही. वरच लिही, ठळक."

संध्याकाळी साडेसात वाजेपर्यंत सत्तावीस माणसं झाली. पावसातल्या मॅचला आमच्याकडे एवढी येत नाहीत. क्लबवर एकदम प्रेम ऊतू गेलं होतं अशातला भाग नाही. सगळे घाबरून आले होते.

त्याचं कारण सभेच्या १९३४ सालच्या वहीत आहे. आमच्या क्लबचा, ब्रॅकनशॉ टाऊनचा, तेव्हाचा सेक्रेटरी चर्चमध्ये प्रवचनं द्यायचा, पण डोकं चालू. कामं करायला कुणी पुढं येईना, म्हणून त्यानं ठराव करून घेतला: मतदानाच्या वेळी जो खोलीत नसेल त्याला कुठलंही काम देता येईल, आणि त्याला नाही म्हणता येणार नाही. गिरणी बंद पडली, स्टँडचं छप्पर दोनदा उडालं, आम्ही तीनदा खालच्या लीगमध्ये गेलो आणि एकदाच वर आलो. हा नियम मात्र जागचा हलला नाही.

ऑसी तसाच सापडला होता. १९६१ च्या जूनमध्ये, ऐन सभेच्या आठवड्यात, तो आयरीनशी लग्न करून मोरकॅम्बला समुद्रावर गेला होता. आठ दिवसांनी दोघं परत आले तर दारात टाइपरायटर आणि कागदांची तीन खोकी.

"हे काय?" आयरीननं विचारलं.

"एकच वर्ष," ऑसी म्हणाला.

त्या एका वर्षाची सव्वीस झाली. बाहेरच्यांना वाटतं सेक्रेटरी म्हणजे कोट घालून हात मिळवणारा माणूस. खेळाडूंची नोंदणी तोच करायचा. एक फॉर्म एक दिवस उशिरा गेला की पॉइंट कापले जातात आणि गाव वर्षभर तोंड फिरवतं. रेफ्रीला फोन त्याचा, समोरच्या क्लबला पत्र त्याचं. आणि शनिवारी सकाळी सहापासून घरचा फोन कोकलायचा, "ऑसी, पाऊस पडतोय, मॅच आहे का?" सव्वीस वर्षांत त्याला एक शनिवार स्वतःचा मिळाला नाही. आयरीन गेली तेव्हा शवपेटी अजून घरात होती आणि दोघांनी फोन करून विचारलं, मॅच आहे का. ऑसीनं दोघांना नीट उत्तर दिलं. मैदान भिजलंय, पण होईल.

आता त्याला सुटायचं होतं. त्याची मोठी बहीण विनी मोरकॅम्बलाच राहायची. समुद्रावर येणाऱ्या पाहुण्यांना भाड्यानं उतरायला तिचं छोटं घर होतं. तिचे गुडघे गेले होते. वरची समुद्राकडची खोली तिनं ऑसीसाठी रिकामी ठेवली होती, ऐन हंगामात. दर रविवारी ती फोनवर म्हणायची, "मी जिने चढू शकत नाही आणि तू त्या चिखलातून निघू शकत नाहीस. कधी येतोस ते सांग." या वेळी त्यानं तारीख सांगितली होती. एक जुलै. बस डेपोतली नोकरीही त्यानं सोडली होती.

आणि राजीनामा महिनाभर आधी बोर्डावर लावला होता. म्हणूनच तर ही गर्दी.

एडना पिलिंगनं चहा दिला. चहाची टपरी, जर्सी धुणं आणि सगळ्यांना फैलावर घेणं ही तिची खाती. आज चहा घरून आणला होता, दोन मोठ्या थर्मासमध्ये. "कोमट आहे. तोंड वाकडं करायचं नाही," तिनं आधीच सांगून टाकलं.

अध्यक्ष क्लिफ डक्सबरीनं टेबलावर टिचकी मारली. "ऑसी चाललाय. फॉर्म हा इथं आहे. लीगला गुरुवारपर्यंत पोचायला हवा, म्हणजे उद्या सकाळी पोस्टात पडला पाहिजे. सेक्रेटरीचं नाव, पत्ता, सही. त्याशिवाय आपल्याला लीगमध्ये घेत नाहीत. बोला, कोण?"

सगळ्यांना एकदम बुटांच्या नाड्या आवडायला लागल्या.

"कोण गैरहजर आहे?" मागून कुणीतरी आशेनं विचारलं.

क्लिफनं हजेरी वाचली. एकही नाव सुटलं नाही.

"नॉर्मन, तू घरीच बसून असतोस—"

"मी इथं आहे! प्लॅस्टरसकट आहे!"

"एडना?"

"बावीस जर्सी, दोन बॉयलर आणि तुम्ही सगळे," एडना म्हणाली. "आता टाइपरायटरही बांधा गळ्यात. मग ढकला कालव्यात."

लोक हसले. क्लिफनं हसणं संपू दिलं. मग दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं.

"ठीक आहे. मग उद्या मी लीगला कळवतो. हॉलिन्ससारखं."

हॉलिन्स रोव्हर्स म्हणजे दोन मैलांवरचा क्लब. साठ वर्षं आमचं त्यांच्याशी वाकडं. त्यांचा सेक्रेटरी वसंतात वारला आणि जूनमध्ये कुणी हात वर केला नाही. क्लब मोडला, मैदान विकलं गेलं आणि पुढच्या वर्षी त्यांच्या पेनल्टीच्या ठिपक्यावर कुणाचं तरी स्वयंपाकघर होतं. आम्हाला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

ऑसी भिंतीकडे बघत होता. तिथं १९२८ च्या टीमचा फोटो आहे, काउंटी कप जिंकलेली. मागच्या रांगेत दुसरा त्याचा बाप. ऑसीनं चष्मा पुसला. खिडकीबाहेर जूनमधलं, रात्री नऊपर्यंत टिकणारं लख्ख ऊन होतं, मैदान नेहमीसारखं कालव्याकडे कललेलं. सत्तावीस माणसांच्या श्वासांनी काचा धूसर व्हायला लागल्या होत्या आणि त्याला कॉलर काचत होती, हे सगळ्यांना दिसत होतं.

"गोलमागचा नळ चालू राहिला वाटतं," तो एकदम उठून म्हणाला. "आलोच बंद करून."

आणि गेला. दार त्याच्यामागं हळूच लागलं.

सगळी डोकी दाराकडे वळली, आणि तिथून क्लिफकडे.

"क्लिफ, नको," एडना म्हणाली. "खबरदार."

"मी काहीच बोललो नाही."

"बोलू नकोसच. त्या माणसाची बॅग भरून झालीय."

"पण तो खोलीत नाहीये," नॉर्मन हळूच म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "नियम आहे, एडना. मी नाही केला."

क्लिफनं ठराव मांडला. हात वर गेले, चोरासारखे, कोपरापर्यंतच. एडनानं दोन्ही हात थर्मासवर ठेवले होते.

ऑसी आत आला तो पँटला हात पुसत. त्यानं सगळ्यांचे चेहरे बघितले. सव्वीस वर्षांत हे चेहरे त्याला पाठ झाले होते.

"नाही ना रे?" तो म्हणाला.

"एकमतानं," क्लिफ म्हणाला.

"एक मत सोडून," एडना म्हणाली.

"हरामखोर आहात लेको. एकजात." ऑसी खाली बसला, फॉर्म ओढला आणि लिहायला लागला. नाव, पत्ता, फोन. बघावं लागलं नाही, हातालाच पाठ होतं. सही करताना मात्र पेन थोडं थांबलं.

रविवारी त्यानं विनीला फोन केला. "पुढच्या वर्षी," म्हणाला. ऑगस्टमध्ये तिनं ती खोली एका निवृत्त दंतवैद्याला दिली, कायमची. ऑसी दर उन्हाळ्यात चार दिवस जायचा आणि खालच्या सोफ्यावर झोपायचा. सभेच्या आठवड्यात कधीच गेला नाही.

आणखी अकरा वर्षं तो सेक्रेटरी राहिला, जीव जाईपर्यंत. गावात जो तो ही गोष्ट हसून सांगायचा: सगळ्यांना नियम शिकवणारा ऑसी एका नळापायी स्वतःच अडकला. त्याच्यादेखत सांगायचे. तोही हसायचा.

त्याच्यामागं खोकी क्लबात आली. १९८७ च्या फाइलमध्ये पाणी खात्याचं एक पत्र निघालं, सेक्रेटरीच्या नावानं आलेलं. पाइप बदलायचे असल्यामुळे आमच्या मिल लेन मैदानाचं पाणी सोमवार १५ जून सकाळी आठपासून बुधवार दुपारपर्यंत पूर्ण बंद राहील. ती सभा त्याच सोमवारी संध्याकाळी होती. पत्राच्या कोपऱ्यात ऑसीच्या अक्षरात शिसपेन्सिलीनं लिहिलं होतं: पाहिलं. एडनाला सांगितलं, चहा घरून आण.