लेलेकाकांचं हरीण

सिंगापुरात, सेम्बावांगच्या एमआरटी स्टेशनवर लेलेकाका मिटलेली छत्री खांद्याला लावून, श्वास रोखून उभे राहायचे. नेम छताच्या पंख्यावर. शेजारच्या चिनी आजी हळूच लांब सरकायच्या. काका आम्हा मराठी मंडळातल्या पोरांना सांगायचे, "छाती दिसली तरच बार. खात्री नसेल तर चापावरून बोट काढा."

हा माणूस बँकेत जोखीम मोजायच्या खात्यात होता, जेवायचा वरणभात, शनिवारी नेमबाजीच्या क्लबात जायचा आणि हरणाची शिकार माणुसकीने कशी करावी यावर बोलायचा. मंडळाच्या कोजागरीला बोलला, एकाच्या मुंजीतही बोलला. पाडसवाली मादी दिसली की बंदूक खाली, जखमी जनावर सोडून घरी यायचं नाही. आणि शेवटी, बोट उंचावून: "मारलं ते ताटात. नाहीतर तो खून." अंड्याचा केकसुद्धा न खाणारा माणूस हे सांगतोय, हे त्यांच्या कधी डोक्यात आलं नाही. आमच्या आलं होतं. पण श्रीखंड खाताना वाद कोण घालतो?

शेवटी आम्हीच त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि न्यूझीलंडला नेलं. परवाना, वाटाड्या, सगळं रीतसर. काकांनी वारा पाहिला, अंतर पाहिलं, हरणामागे दुसरं काही नाही ना तेही पाहिलं. एकच बार. हरीण जागच्या जागी कोसळलं. इतकी स्वच्छ शिकार क्वचितच बघायला मिळते, असं वाटाड्या म्हणाला. काका हरणाशेजारी बराच वेळ बसून राहिले.

संध्याकाळी वाटाड्याने मांस भाजलं. मी काकांचा मेतकूट-भात पुढे केला आणि म्हटलं, राहू दे काका, आम्ही कुणाला सांगणार नाही.

"मी सांगितलंय ना सगळ्यांना," काका म्हणाले आणि भात बाजूला सारला.

मग ताटाभोवती पाणी फिरवलं, चित्राहुती घातल्या आणि ताट साफ होईपर्यंत उठले नाहीत. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, घास चालूच होते. आमचं हसू कुठल्या कुठे पळालं. मला तर त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

घरी काकूंना त्यांनी स्वतःच सांगितलं. काकूंनी महिनाभर त्यांचं ताट वेगळं मांडलं, मंडळाने चेष्टा केली ती वेगळीच. काकांनी क्लब सोडला. छत्री आता फक्त पावसात उघडायची.

ते कायमचे पुण्याला निघाले तेव्हा विमानतळावर मी धीर करून विचारलं, एवढं सगळं नीट पाहिलं होतंत, मग चुकलं काय?

त्यांनी बॅग खांद्याला अडकवली.

"मला भूक लागली होती का, तेवढं बघायचं राहिलं रे."